रविवारचा तीनचा खेळ

हे मी कुनालाच सांगितलं न्हाई. आईला न्हाई, बहिनीला न्हाई. देवीपुढं हात जोडले तवा बी तोंडातल्या तोंडात फिरवलं आन गिळून टाकलं. तुला सांगते. पन मदी बोलू नको बाई — मदी बोललीस तर मी थांबंन, आन एकदा थांबले की परत व्हायचं न्हाई माज्यानं.

सातवी शिकले मी, ती बी अर्धीच. म्हनून मागचं पुढं, पुढचं मागं झालं तर झालं.  कुटनं सुरू करू?

पिच्चरपासनं करते. गेल्या रविवारी केबलवर त्यो पिच्चर परत लागला, तवापासनं माजं चित्त थाऱ्यावर न्हाई. चहात मीठ टाकलं मी. दोनदा.

पिच्चर इंग्रजी हाय, पन मानसं हिंदीत बोलत्यात. एक गडी असतो, जुन्या गुहांमदनं काय-काय हुडकत हिंडतो. पहिल्या भागात एकटाच हिंडतो. दुसऱ्या भागात त्याचा म्हातारा बाप बी संगं येतो, आन दोघं भांडत भांडत दऱ्या-डोंगर पार करत्यात. खाली नदी, दोरी तुटायला आलीय, आन ह्यांचं आपलं चाललंय — तू लहानपनी माजं ऐकलं न्हाईस, तुमी मला कवा इचारलं न्हाई. लोक हसत्यात तिथं. मला हसू येत न्हाई.

पहिला भाग आमच्या मालकांनी लहानपनी बघितलेला. पाथर्डीकडं आमचं गाव, तिथं जत्रंत तंबू आल्ता. पुढं पटकेवाले बसलेले, काय दिसंना, तर मामांनी — माज्या सासऱ्यांनी, मी मामाच म्हनते त्यांला — पोराला आख्खा पिच्चर खांद्यावर घेतलं. आमचे मालक सांगायचे मला हे. लग्नानंतर लई कमी बोलायचे, पन हे सांगायचे. सासूबाई आदीच गेलेल्या. घरात दोघंच, बाप आन लेक. तीच गोष्ट सारखी बोलायचे म्हनं.

आता ऊसतोडीचं थोडं सांगते, त्याबिगर तुला कळायचं न्हाई. तोडीला जातो ना आमी, तवा नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटा मानूस म्हंजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम नाक मुरडतो — आनखी एक अर्धा हुडकून आन म्हनतो. म्हनून पोरीचं लगीन झालं की पयला दसरा-दिवाळी, आन दुसऱ्या दिवशी ट्रकात. मी सोळाची हुते.

तवा मामा म्हनले हुते, पोरगी लहान हाय, हिला उसाच्या फडात नेऊ नको. आपन बाप-लेक कोयता करू. आमच्या ह्यांला ते लागलं. मानसं हसतील म्हनले, बायको घरात ठिऊन म्हाताऱ्यासंगं ऊस तोडतो म्हनतील. शब्दाला शब्द वाढला. मामा म्हनले, तुला बायकू झाली, आता बाप कशाला पायजे? हे म्हनले, नगंच हाय मला. भांडन झालं ते माज्यापायी झालं. मी आत चुलीपाशी फुकनी घिऊन बसलेले. कुनी मला इचारलं न्हाई, आन मी बी काय बोलले न्हाई.

तुला वाटंल, सासरा तुज्या बाजूनं बोलत हुता की. व्हय. आज कळतंय. तवा काय कळत हुतं? माजी चुलत बहीन हाय, तिला अशीच एका साली घरी ठिवली — आराम कर, म्हनले. नवरा फडात गेला, तिथं दुसरीसंगं कोयता धरला. आला तवा ती दुसरी ट्रकातनं संगंच उतरली. माजी बहीन आज बी आई-बापाच्या दारात शेन काढतीय. मला एवढंच कळत हुतं, कोयता सुटला की नवरा सुटला. 

हे कारन म्हनून सांगत न्हाई मी. हुतं ते सांगते.

दोन वर्सं बाप-लेक बोलले न्हाईत. तिसऱ्या साली आमी संगमनेरच्या बाजूला एका कारखान्यावर हुतो. सोन्या माज्या पदराला, आठ म्हैन्यांचा. त्याला फडाच्या कडंला पाचटावर निजवून मी मोळ्या बांधायची. हे बैलगाडी भरून कारखान्यावर न्यायचे, तिथं वजनाच्या काट्यावर नंबर लागूस्तोवर तासन् तास बसायचे. तवर मी कोपीवर एकटी. कोपी म्हंजे आमची ती उसाच्या पाल्याची झोपडी.

मामा बी त्याच कारखान्यावर आल्ते. दुसऱ्या टोळीत, एका अनोळखी गड्यासंगं, अर्धा आन अर्धा. मैलभर लांब त्यांचा तळ.

एका दुपारी आले. हे काट्यावर गेल्ते, ते बघूनच आले असतील. वाकून कोपीत डोकावले, सोन्याकडं बघितलं. म्हनले, "नाक माज्यावर गेलंय बेन्याचं. वाटूळं झालं पोराचं." आन हसले. मी पदर सावरून कोपऱ्यात. मंग ते दाराशी टेकले. तंबाखू मळली, खाल्ली न्हाई, तशीच खाली झटकली.

मंग म्हनले, गावात व्हिडिओवर त्यो दुसरा भाग लागलाय. ह्या भागात बाप बी हाय म्हनत्यात. रविवारी बाजारचा दिवस, दुपारी फड बंद. त्याला सांग, तीनच्या खेळाला ये. मी दारात उभा ऱ्हाईन. काय बोलायचं न्हाई, नुसता पिच्चर बघायचा.

मी म्हनले, "तुमीच सांगा की मामा."

"मी गेलो आन चार लोकांत त्यानं तोंड फिरवलं तर? तू सांग. तुजं ऐकंल."

मी मान हलवली. सांगते म्हनले. आन मग उठता उठता, कोपीच्या दारात वाकून, ते म्हनले — पुढल्या सालापासनं तू घरी ऱ्हा पोरी. लेकरू उन्हात टाकायचं न्हाई. आमी दोघं कोयता करतो.

त्यांनी ते बोलायला नगं हुतं. न्हाई, असं कसं म्हनू? त्यांनी चांगलंच बोललं. मला मातर बहीन दिसली, शेनाची पाटी डोक्यावर घेतलेली.

मी निरोप दिला न्हाई.

इसरले, असं मी सवताला कितीतरी वर्सं सांगितलं. कामाच्या रगाड्यात इसरले. लेकरू रडत हुतं, इसरले. खोटं हाय ते. इसरलेलं मानूस रविवारी सकाळधरनं उनाकडं बघतं का? किती वाजले आसतील म्हनून सावली मोजतं का?

त्या रविवारी हे कोपीम्होरं बसून गाडीची दोरी वळत हुते. कुठनंतरी भोंगा लावलेली रिक्षा आली, तळाच्या कडंनं फिरली — दुसरा भाग, दुसरा भाग, शेवटचे काही खेळ. ह्यांनी मान वर केली. दोरी हातात तशीच. त्या रिक्षामागं बघत ऱ्हायले. म्हनले, "जाऊन यावं का गं जरा?"

मी म्हनले, सोन्याच्या अंगात कसकस हाय.

काय न्हवती. पोरगं थंडगार हुतं, पाय हलवीत खिदळत हुतं. मी त्याला फडक्यात गुंडाळलं आन ह्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हनले, लागत तर न्हाई. मी म्हनले, तुमाला काय कळतंय? बसले मग. पोराला मांडीवर घिऊन उनं उतरूस्तोवर बसले. आन मी भाकरी थापत हुते, आन डोळ्याम्होरं सारखी ती व्हिडिओची पत्र्याची खोली, तिच्या दारात मामा.

एवढंच असतं ना, तर मी आज हे सांगितलं नसतं. कुनाच्या हातनं निरोप ऱ्हात न्हाई? खरं पुढं हाय.

सोमवारी मामा परत आले. तीच येळ, हे काट्यावर. ह्या खेपेला कोपीत वाकले न्हाईत, बाहीरच उभे. नवा सदरा अंगात हुता, रविवारचाच, घड्या मोडलेला. हसायचा प्रयत्न केला. म्हनले, "दारावरच्या मानसाला म्हनलं, थांब बाबा जरा, माजा पोरगा येतोय. त्यो म्हनतो, आज्या, पिच्चर काय ट्रक हाय का थांबवायला?"

मी हसले न्हाई.

मग त्यांनी इचारलं, निरोप दिल्ता का?

तवा सांगता आलं असतं. न्हाई दिला मामा, इसरले, आज देते. त्यांनी मला शिवी बी दिली नसती. पन मला वाटलं, आज देते म्हनलं तर पुढल्या रविवारी हे जातील, दोघं एक व्हतील, आन मी घरी. मला वाटलं, ही गोष्ट आत्ताच तोडली पायजे.

मी म्हनले, दिल्ता.

मग काय म्हनला?

मी खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत हुते. आन म्हनले — ते म्हनले, मला बाप न्हाई.

असंच म्हनले. हेच शब्द. कुनी शिकवले न्हवते, आदी ठरवले बी न्हवते. आले तोंडात. कुटनं आले असतील? मी अजून इचारते सवताला.

मामांनी पानी मागितलं. तांब्या दिला. अर्धा पिले, अर्धा भुईवर वतला, तांब्या पालथा घातला. सोन्याच्या टकुऱ्यावर हात ठिवला आन गेले. पाठ दिसत हुती लांबवर, उसाच्या कडंनं. मी हाक मारली न्हाई.

त्यानंतर ते आमच्या वाटंला आले न्हाईत. पुढल्या सालापासनं तोडीलाच गेले न्हाईत. सवताच्या बहिनीकडं ऱ्हायले. आमी बी मग तोड सोडली, हे डायव्हरकी शिकले, आता मिरजगावात भाड्याच्या खोलीत हाय, हे टेम्पो चालवत्यात. बघ ना, कोयताच उरला न्हाई. ज्याच्यासाठी एवढं केलं त्यो कोयता आता माळ्यावर गंजतोय.

मधल्या वर्सांत हे कवातरी म्हनायचे, म्हातारा लई ताठ हाय, इतक्या वर्सांत एक निरोप न्हाई. मी ताट वाढायची.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. छाती भरली आन गेले. आमाला कळलं तवर तिरडी बांधलेली. ह्यांनी पानी दिलं, पन त्यांचं तोंड दगडासारखं, डोळ्याला टिपूस न्हाई.

दहाव्याला नदीवर पिंड ठिवला, तर कावळा शिवंना. एक तास झाला, दीड तास झाला. कावळे हुते, वर बाभळीवर बसलेले, कोकलत हुते, पन खाली येईनात. भावकी म्हनायला लागली, काहीतरी राहून गेलंय म्हाताऱ्याचं. पोरा, सांग, काय मागत हुता तो? कबूल कर. हे हात जोडून उभे. म्हनले, मला ठावं न्हाई. त्यांनी माज्याकडं कवा काय मागितलंच न्हाई.

बायकांच्यात मी उभी हुते. धा पावलं. मला ठावं हुतं त्यांनी काय मागितलं हुतं. एवढ्या मानसांत एकट्या मला ठावं हुतं. तवा तरी बोलावं का न्हाई? मी पदर तोंडावर वढला. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आन मानसं घरी गेली.

आन आता गेल्या रविवारी त्यो पिच्चर.

हे टीव्हीम्होरं आडवे हुते. सोन्याला हाक मारली, ये रं, बघ, बाप-लेक हायेत ह्यात. सोन्या साताचा झाला, बापाच्या पोटावर डोकं ठिऊन बघायला लागला. मी माठापाशी तांदूळ निवडत हुते. दरीवरच्या दोरीचा तुकडा आला, म्हातारा वरनं खेकसतोय. सोन्या फिदीफिदी हसला. आन हे त्याला म्हनले, "मी ह्यो पिच्चर एकट्यानं बघितलाय. तू एवढुसा हुतास. तुजं अंग गरम हुतं त्या रविवारी, म्हनून ऱ्हायलं. मंग मंगळवारी काट्यावर गाडी लावली, बैलं एकाच्या हवाली केली आन पळत गेलो."

मला ठावंच न्हवतं हे. ते गेल्ते, मला आजवर सांगितलं न्हवतं.

सोन्या म्हनला, कुनासंगं?

"कुनासंगं न्हाई. मला वाटलं, तुजा आज्या आला असंल. त्याला ठावं असनार, दुसरा भाग लागलाय ते. सारखा मागं वळून बघत हुतो. मागचा मानूस म्हनला, अय, पिच्चर पुढं हाय." हसले. मग म्हनले, "एक शब्द टाकला असता ना त्यानं, तर मी बैलं तशीच सोडून गेलो असतो."

तांदूळ माज्या हातातनं सांडले. हे म्हनले, काय गं? मी म्हनले, काय न्हाई, खडा हुता.

म्हंजे दोघं बी गेले. एक रविवारी, एक मंगळवारी. मदी एक सोमवार हुता, आन त्या सोमवारी मी हुते.

आज परत रविवार हाय. हे बाहीर टेम्पो धुत्यात, सोन्या पानी वततोय. दोघांची भांडनं चाललीत, तू नीट वतत न्हाईस, तुमीच मदी येताय. हितवर आवाज येतोय मला. दार उघडं हाय. आत्ता उठून गेले तर चार पावलं.

मी बसलेलीच हाय.