अपेक्षांचा रकाना

देवाच्या वाती वळत होते. निम्म्या झाल्या तोच वनिताने जुन्या बायोडाट्यांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला. "वहिनी, पाठकोरे आहेत. तुमच्या रोजच्या लिखाणाला होतील."

वनिता माझी नणंद. एकोणचाळीस पूर्ण. धारवाडच्या शाळेत चौदा वर्षं इंग्रजी शिकवलं, हुबळीहून रोज बसने जाऊन. पहिल्या बायोडाट्यात 'अपेक्षा' ह्या रकान्यात पाच ओळी होत्या. दर छपाईला ह्यांनी एकेक काढली. पदवीधर गेला, निर्व्यसनी गेला, वयातलं अंतर गेलं, प्रथमवर गेला. उरली एक: लग्नानंतर नोकरी चालू राहील.

गेल्या वर्षी ती माझ्या दीपश्रीला शिकवत होती, "लोअर द बार म्हणजे उंच उडीची काठी खाली घेणं. ज्यांना जमत नाही त्यांनाही जमावं म्हणून."

हे पेपरातून म्हणाले, "तेच सांगतोय तुला. घे की खाली."

"जमिनीला टेकलीय, अण्णा. नुसतं ओलांडायचंय. तेवढंही कुणाला होईना!"

दीपश्री खुदकन हसली. हे हसले नाहीत.

श्रावणात तारिहाळला कारखाना असलेल्या बिजवराचं स्थळ आलं. त्याची आई स्पष्टच बोलली, "आम्हाला घरी राहणारी हवी. आधी राजीनामा, मग साखरपुडा."

वनिता आम्हाला म्हणाली, "बाकी सगळं घेतलंत. शाळा नका घेऊ."

मी मारुतीला कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार. तिला आणून दाखवलं. ती फुलाकडे बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली.

आठवड्याने त्या बाईंचा फोन आला. "बत्तीस वर्षांची मिळाली आम्हाला. तुमची नोकरीवाली होती म्हणून वय चालवून घेत होतो. आता घरीच बसलीय म्हटल्यावर काय बघायचं?"

हे शाळेत जाऊन आले. तिच्या जागी दुसऱ्या बाई रुजू झाल्या होत्या.

उजवं फूल अजून देव्हाऱ्यात आहे, वाळलेलं. काढायला हात होत नाही.

ह्यांनी सकाळीच नवा मजकूर लिहून ठेवलाय. नोकरीपुढे 'गृहकृत्यदक्ष'. अपेक्षांचा रकानाच नाही. वनिताने वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि परत दिला.

वाती राहू देत. कोप्पीकर रोडवर जाऊन पंचवीस प्रती छापून आणायच्या आहेत.