शेवटची पाळी

ओतोसान रागावले की विळ्याला धार लावायला बसत. आवाज चढवणं त्यांना जमत नसे. अंगणातल्या नळापाशी दगड ओला करून ते विळा घासू लागले, की सासूबाई गप्प होत आणि केंजी, माझा नवरा, सायकल काढून स्टेशनकडे निघून जाई. ओतोसान म्हणजे बाबा. सासऱ्यांना मी तीच हाक मारायचे. पुण्याहून ओसाकाला शिकायला आलेली मी, नव्वदच्या दशकात लग्न होऊन शहराबाहेरच्या या भातशेतीच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात तो आवाज ओळखायला शिकले.

जेवणाच्या खोलीत, अगदी छताजवळ, ओतोसानच्या आजोबांचा फोटो होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजोबांनी गावातल्या शेतकऱ्यांचा संघ उभा केला. त्याआधी वरची वाडी आणि खालची वाडी तळ्याच्या पाण्यावरून काठ्या घेऊन भांडत. अशाच एका मारामारीत आजोबांचा धाकटा भाऊ गेला. दुखवटा संपल्यावर ते एकटेच वरच्या वाडीत गेले आणि ज्या घरावर संशय होता, त्याच घरात जेवायला बसले. ‘आता पाणी वाटून घेऊ,’ एवढंच बोलले. संघाचा पहिला नियम त्यांचाच: पाणी कमी पडलं तर प्रमुखाच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी. आता संघाचे प्रमुख ओतोसान होते. माझ्या नावामागे मानाचं ‘सान’ लावून ते म्हणायचे, “फोटोला नमस्कार करणं सोपं आहे, इंदू-सान. तो वरून बघत असताना जेवणं अवघड.”

एका उन्हाळ्यात पाऊस आलाच नाही. तळ्याचं पाणी तळाला गेलं. रस्त्यात भेटणारी माणसं मान खाली घालून जाऊ लागली. प्रमुख चोरून पाणी घेतो, अशी कुजबुज वरच्या वाडीत सुरू झाली आणि एका सकाळी तळ्यातून पाणी सोडायच्या दाराचं कुलूप फोडलेलं सापडलं.

ओतोसान अंगणात विळा घासत असतानाच वरच्या वाडीचे मोरिता-सान आठ-दहा माणसं घेऊन आले. त्यांनी सरळ माझ्या मेथीच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

“सगळं गाव करपलंय. हे हिरवं कसं?”

विळा थांबला. “इंदू-सान, या भाजीला पाणी कुठलं?”

“तांदूळ धुतलेलं,” मी म्हणाले. “आणि भांडी विसळलेलं.”

“सुनेला खोटं बोलायलाही शिकवलंत,” मोरिता-सान म्हणाले.

ओतोसान उठले. विळा हातातच होता. केंजी मध्ये आला. पण ओतोसान त्याला बाजूला सारून फाटकाबाहेर पडले आणि थेट शेतावर गेले. आम्ही सगळे मागोमाग. विळा बांधावर ठेवून ते गुडघ्यांवर बसले आणि पाटातून आमच्या शेतात पाणी घ्यायचं तोंड हातांनी चिखल भरून बुजवू लागले. दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती.

“माझी पाळी वरच्या वाडीला,” ते म्हणाले.

केंजी ओरडला, “बाबा, लोंब्या भरायच्या वेळेला? सगळं पीक जाईल!”

“भात पुढच्या वर्षी लावता येईल. संघ मोडला तर तो कोण लावणार?”

परतताना ते माझ्यापाशी थांबले. “भाजीला पाणी घालत राहा. तू खरं बोललीस.”

आमचं भात उभ्या उभ्या वाळलं. वरच्या वाडीचं वाचलं. हिवाळ्यातल्या बैठकीत ओतोसाननी प्रमुखपद सोडलं आणि पुढचं नाव सुचवलं, मोरिता-सान यांचं. आमच्याच वाडीत गलका झाला. ओतोसान तळ्याची किल्ली पुढे सरकवत म्हणाले, “ज्याला संशय येतो, त्यालाच राखण द्या. तो झोपणार नाही.” मोरिता-साननी ती लगेच उचलली नाही.

काही वर्षांनी ओतोसान ओसाकाच्या हॉस्पिटलमध्ये होते. पोटाचा कॅन्सर बराच पसरला होता. एका दुपारी मोरिता-सान दारात येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

“तळं भरलं?” ओतोसाननी विचारलं.

“काठोकाठ.”

“मग इथं काय करतोस? जा, दार बघ.”

मोरिता-सान कमरेत वाकले ते बराच वेळ तसेच राहिले. मग बाहेर येऊन बाकावर बसले. मी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायले मात्र नाहीत. आतून ओतोसानचा बारीक आवाज आला, “गेला का तो?”

“गेले,” मी म्हणाले.