संत ब्लेझचे नऊ दिवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फादरांपुढे पापांची कबुली देताना ‘खोटं बोलले’ एवढंच म्हणते. कसलं खोटं, ते त्यांनी कधी विचारलं नाही, मीही पुढे बोलले नाही. नवरा गेला, त्यालाही माहीत नव्हतं. आता तुम्हाला सांगते — अडखळत, जमेल तसं.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात, खोली सुरतेत गोडादऱ्याला. गल्लीत सगळे खानदेशातले लोक, त्यात आमची ख्रिस्ती घरं सहा-सात. दुपारी या घरांतल्या बायका माझ्या ओट्यावर जमायच्या, साड्यांचे लोंबते दोरे कापायचं काम घेऊन. मी मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली, म्हणून वाचणारी मीच. सिस्टरांनी संतांच्या चरित्रांचं जाड पुस्तक दिलं होतं. ज्या संताचा सण जवळ येईल, त्याची गोष्ट मी वाचायची.

वाचता वाचता मी ‘सांगायला’ कधी लागले? आठवत नाही. पुस्तकात सगळं कोरडं — जन्म कुठे, छळ कुणी केला, मरण कसं आलं. मी मधे मधे घालायची. संत आग्नेसला धरून नेलं त्या सकाळी तिच्या आईने तिची वेणी घातली होती, असलं काहीतरी. मग कात्र्या थांबायच्या. आठ जणी माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढचं वर्ष. तीन फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की फादर दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात, घशाचं दुखणं होऊ नये म्हणून. पुस्तकात त्याची गोष्ट चार ओळींची. एका पोराच्या घशात माशाचा काटा अडकला, आईने त्याला संताकडे आणलं, संताने प्रार्थना केली, काटा निघाला. संपलं. एवढ्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मी म्हटलं, नऊ दिवस ती आई पोराला मांडीवर घेऊन बसली. शेजारणी म्हणाल्या वैद्याकडे ने, पण ती एकाही वैद्याची पायरी चढली नाही. नवव्या दिवशी पहाटे पोराने पाणी मागितलं.

हे सगळं माझ्या मनचं होतं. एक अक्षर पुस्तकात नव्हतं.

सगळ्यांत जास्त मार्था रडली. वीस-बावीस वर्षांची असेल. तिचा नवरा योसेफ इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला, आठवड्याने घरी यायचा. मुलगी एकच, सलोमी, चार वर्षांची. कापलेल्या दोऱ्यांचे गोळे करून ओट्यावरून खाली टाकत बसायची.

पाच-सहा दिवसांनी मार्था माझ्या दारात आली.

“आक्का, नऊ दिवस धरायचे ते पहिला दिवस मोजून का?”

“कशाला गं?”

“सलोमीचा घसा सुजलाय. काल संध्याकाळपासून मांडीवर घेऊन बसलेय. पाणी पण गिळंना.”

इथे — इथे मला वेळ होता. ‘अगं, ते नऊ दिवस मी रचले, पोरीला दवाखान्यात ने,’ इतकंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? ती रागावली असती. चार दिवस बायका ओट्यावर आल्या नसत्या. आणखी काय?

मी म्हणाले, “हो, पहिला धरून.”

तुम्ही विचाराल, तुला कळलं नव्हतं का? कळलं होतं. प्लेगपासून ती दवाखान्याच्या नावाने थरथरायची, हेही मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून मी आत गेले, चुलीवरचा भात बघायला.

पाचव्या दिवशी योसेफ घरी आला. पोरीची मान बघितली आणि तिला उचलून तसाच पळाला. डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, इतका उशीर का केला? दुसऱ्या दिवशी सकाळी सलोमी गेली.

माती देऊन तीन दिवस झाले होते. आम्ही बायका मार्थाच्या खोलीत बसलो होतो. ती एकदम योसेफला म्हणाली, “चारच दिवस राहिले होते. तू तिला उठवून नेलंस. तू मारलंस माझ्या लेकीला.”

तो भिंतीला टेकून उभा होता. मग माझ्याकडे वळला. मी वयाने मोठी, वाचणारी.

“आक्का, तुम्ही सांगा हिला. पुस्तकात असं असतंय का कुठं? डॉक्टरकडं नेऊ नका म्हणून?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अगदी गोष्ट सांगताना बघायच्या तशा.

मी म्हणाले, “लिहिलंय तसं.”

हेच ते खोटं. सलोमीच्या वेळी घाबरले म्हणेन, पण या वेळी पोर आधीच गेली होती. वाचवण्यासारखी फक्त माझी अब्रू उरली होती. ती मी वाचवली, आणि त्या माणसाला त्याच्या बायकोसमोर लेकीचा मारेकरी केलं. त्याने मान खाली घातली. त्यालाही ते पटलं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

महिन्याभरात तो गावी निघून गेला. परत आला नाही. काही वर्षांनी तिकडेच वारला, एकटा. मार्था गेली नाही मातीला.

ती अजून याच गल्लीत आहे. माझी दृष्टी गेली, वाचता येत नाही; आता तीन फेब्रुवारीला नव्या सुनांना गोष्ट मार्थाच सांगते, नऊ दिवसांसकट. शेवटी सांगते की आपल्याच गल्लीत एका बाईचे नऊ दिवस तिच्या नवऱ्याने पाचव्या दिवशी मोडले. सुना रडतात. यंदाही सांगितली. एका सुनेच्या मांडीवर तान्हं पोर होतं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी मार्थाच्या शेजारीच बसले होते. काही बोलले नाही.