रशीदचाचांनी निवडलेलं लाकूड

पाच आठवड्यांपूर्वी, सकाळी मैदानावर मुलींचा हॉकीचा सराव घेत असताना शबानाचा फोन आला. "ताई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि मुलींना जवळ बसवून तिच्या वडिलांबद्दल, रशीदचाचांबद्दल सांगितलं... त्यांनी दुरुस्त केलेल्या स्टिका कितीतरी जणींच्या हातात होत्या.

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात चाचांचं दुकान. हातमागाचे लाकडी भाग बनवण्यात त्यांची हयात गेली. हॉकी त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. मी नववीत होते. जिल्ह्याचा अंतिम सामना आठ दिवसांवर आला आणि माझ्या स्टिकचं खालचं वाकडं टोक, ज्याला आम्ही हेड म्हणतो, तुटलं. स्टिक मावसबहिणीची, जुनी. दुसरी मिळण्यासारखी नव्हती आणि नुसतं हेड कुठल्याच दुकानात मिळत नाही. सर म्हणाले, "या वेळी तू बाहेर बस." माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. ते मला चाचांकडे घेऊन गेले.

"चेंडू कुटं लागतो, बेटी? मारून दाखव," चाचा म्हणाले. तुटक्या स्टिकनेच मी बोळात दोन-चार फटके मारले. त्यांनी नीट पाहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बाभळीचं टणक हेड बसवून दिलं. दुसऱ्याच दिवशी सरावात ते वळणावर चिरलं. मी रडतच दुकानात गेले. चाचांनी ती चीर उजेडात धरून पाहिली.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "लाकूड कठीण बघितलं, पण रेषा बघितल्या न्हाईत. सरळ फळीतनं वाकडं कापलं, मग वाकणातच फुटणार की."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते एसटीने मोहोळला गेले. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुन्या तुतीच्या फांद्या वर्षानुवर्षं वाळत पडल्या होत्या. त्यातली मुळातच वाकडी वाढलेली एक फांदी त्यांनी निवडून आणली. तिच्यात लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळत गेल्या होत्या. "तुती मार सोसती, तडकत न्हाय," एवढं बोलून ते कामाला लागले. दांड्याला खाच पाडून तिच्यात त्यांनी हेड पाचरीसारखं ठोकून बसवलं, सांध्यावर मागाचं सूत सरसात भिजवून घट्ट गुंडाळलं आणि सरस वाळेपर्यंत तीन दिवस मला हात लावू दिला नाही.

सामन्याला चाचा आले होते, गोलाच्या मागे उन्हात उभे होते. बरोबरी होती, शेवटची काही मिनिटं उरली होती. चेंडू माझ्या आणि समोरच्या संघाच्या कप्तानच्या मधोमध आला. दोघींनी एकाच वेळी जीव खाऊन फटका मारला. स्टिकवर स्टिक आदळली, हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या... आणि तिची स्टिक मागे उडाली. माझी जागची हलली नाही. समोर मोकळा चेंडू, तो मी गोलात ढकलला. आम्ही जिंकलो. मैत्रिणी मला उचलत होत्या, तेव्हा चाचा गर्दीतून वाट काढत आले, स्टिक मागून घेतली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

"ढिलं झालं न्हाय," ते म्हणाले आणि हसले.

त्याच स्टिकने मी पुढे राज्याच्या संघात पोचले. क्रीडाशिक्षिका झाल्यावर शाळेच्या मोडक्या स्टिका त्यांच्याकडेच न्यायचे. शेवटी त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा ते शबानाला शेजारी बसवून तिच्याकडून काम करून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात आमच्या गोलरक्षिकेच्या स्टिकचं हेड गेलं. न राहवून मी ती स्टिक घेऊन चाचांच्या दुकानात गेले. शबानाने फळीवरून तुतीचे तीन तुकडे काढले, दारातल्या उजेडात फिरवून पाहिले, दोन परत ठेवले. "हे दोन अजून ओले हायत," ती म्हणाली, आणि तिसरा तुकडा पकडीत धरून तिने करवत हातात घेतली.