हातातल्या शेताचा बांध

आमच्या भावकीत बांधावरून भांडण होणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण शहरातल्या पुंडलिकनगरात, दुसऱ्या मजल्यावर, सोफ्यावर मांडी घालून, तळहाताएवढ्या शेताच्या बांधावरून भांडणारे मी आणि बापू पहिलेच असू.

बापू माझा चुलत भाऊ, माझ्याहून काही महिन्यांनी लहान. तो पाचोडला शेती करतो, मी वाळूजला कंपनीत नोकरी करतो आणि गावाकडं आमची शेतं एकमेकांना लागून आहेत. मधे बांध. बापूचं म्हणणं, माझ्या ट्रॅक्टरवाल्यानं तो कोरला. माझं म्हणणं, बापूनं कोरला. (बापूनंच कोरला. पण तो आजचा विषय नाही.) तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दसऱ्याला सोनं द्यायलासुद्धा कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

मग बापूच्या पूजाचं लग्न ठरलं आणि रविवारी तो पत्रिका घेऊन आमच्याकडे जेवायला येणार असा निरोप आला. ही पोरगी लहानपणी माझ्या खांद्यावर बसून पाचोडचा बाजार फिरलेली. तिच्या लग्नात मानानं उभं राहून अक्षता टाकायच्या, एवढंच मला हवं होतं. बायकोला ते माहीत होतं आणि मीही तिला माहीत होतो. तिनं आदल्या दिवसापासून बजावायला घेतलं.

“उद्या बांधाचा ब काढायचा नाही.”

“नाही काढणार.”

“ट्रॅक्टरचा ट नाही.”

“बरं.”

“तुमचं बरं मला चांगलं माहितीय.”

मी पक्का निश्चय केला. दात पडले तरी चालतील, पण तोंड उघडायचं नाही.

बापू आला. पत्रिका टीपॉयवर ठेवली, पाणी प्याला, पानावर बसला. आता बोलायचं काय? पाऊसपाणी विचारावं, तर पावसात बांध फुटतो. तब्येत विचारावी, तर त्याची कंबर धरली तीच मुळी बांधाचे दगड उचलताना. शेवटी मी म्हणालो, “वांग्याची भाजी झकास झालीय.”

“निरोपासंगं धाडलेली वांगी. आमच्याच शेतातली हायेत,” बापू म्हणाला. “वरच्या तुकड्यातली.”

वरचा तुकडा म्हणजे बांधाकडचा. बायकोनं घाईघाईनं माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. तोंड भरलेलं राहावं म्हणून.

जेवणं उरकली आणि आमच्या ऋतुजाला आमची दया आली. ऋतुजा माझी मुलगी. दिवसा नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी हातात धरून खेळायच्या कन्सोलवरचे छोटे छोटे गेम खेळून, ते पहिल्यांदा खेळताना कसे वाटले, त्याचे व्हिडिओ टाकते. लोक ते पाहतात. (मला कंपनीत कुणी चहाला बोलावत नाही आणि हिचं मत ऐकायला लोक थांबून राहतात.)

“काका, बाबा, तुम्ही खेळा ना. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही, त्यांना कसे वाटतात ते मला टाकायचंय. इंडी गेम आहेत, सोपे असतात.”

“इंडी म्हणजे इंडियन,” मी बापूला समजावून सांगितलं. “स्वदेशी.”

“नाही हो बाबा, इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीचे नसतात. दोघं-तिघं मिळून आपलं आपलं करतात.”

“म्हंजी मोठ्या घरातून येगळे निघालेले,” बापू म्हणाला. “वाटणी झाली म्हण की.”

वाटणी हा शब्द ऐकताच बायको स्वयंपाकघरातून खोकली.

ऋतुजानं व्हिडिओ चालू करून मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि कन्सोलच्या दोन्ही कडेचे तुकडे ओढून काढले.

“मोडलं का?” बापूनं विचारलं.

“नाही काका, असंच असतं. एक तुमचा, एक बाबांचा.”

पहिल्या गेममध्ये एक कोल्ह्याचं पिल्लू होतं, कंदील घेऊन खड्ड्यांवरून उड्या मारणारं. बापूचं पिल्लू पहिल्याच खड्ड्यात पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. “याला दिसतंय ना? मग उडी मारत का नाय?” बापू म्हणाला. बटण त्यानं दाबायचं होतं, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. दुसऱ्यात नव्या घरातलं सामान खोक्यांतून काढून लावायचं होतं. बापूनं पलंग दारात आडवा लावला. म्हणे वारा लागतो. आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो आणि मला खरंच बरं वाटलं. तिथंच थांबायला हवं होतं.

“आता हा घ्या,” ऋतुजा म्हणाली. “एकदम शांत गेम आहे. डोक्याचा ताण जातो.”

शेतीचा गेम होता.

डावीकडचं शेत माझं, उजवीकडचं बापूचं, मधे गवताची हिरवी पट्टी. दोघांनी कोबी लावला. पाणी घातलं. पाच मिनिटांत रोपं वर आली. बापू खूश. “असं पीक असतं तर मी कशाला रडलो असतो?” मी कुदळ उचलली, बटण दाबलं आणि पट्टीतलं थोडं गवत उडालं.

बापूनं मान वळवली. “हे काय केलंस नाना?”

“चुकून लागलं. बटण सटकलं.”

“तवाबी ट्रॅक्टरच सटकला होता.”

मी बायकोकडे पाहिलं. निश्चय आठवला. गप्प बसलो. (तोंडानं गप्प बसलो. हात चालू होते.) बापूनं तिथल्या तिथं पट्टीवर एक झाड लावलं. ते झाड बघता बघता वाढलं आणि त्याची सावली बरोबर माझ्या कोबीवर.

“बापू, ते झाड काढ.”

“माझ्या हद्दीत हाय.”

“सावली माझ्या कोबीवर पडतीय.”

“मग सूर्याला सांग.”

मी पाट खणून त्याच्या शेतात पाणी सोडलं. त्यानं गाय सोडली. गाय माझ्या कोबीच्या पहिल्या ओळीला लागली. गेममध्ये टोपी घातलेला एक म्हातारा सारखा फिरायचा. बापूला तो सरपंच वाटला. “याला इचारू. हा सांगंल बांध कुठं होता.” ऋतुजानं म्हाताऱ्यासमोर नेऊन बटण दाबलं.

“तो म्हणतोय, आज हवा किती छान आहे.”

“पुन्हा इचार.”

“आज हवा किती छान आहे.”

“नानानं आधीच म्यानेज केलाय त्याला,” बापू म्हणाला.

“काका, बाबा, ऐका ना, चार्जिंग संपत आलंय,” ऋतुजा म्हणाली. आमच्यापैकी कुणी ऐकलं असेल तर शप्पथ. मी उभा राहून मोठ्यानं विचारत होतो, “दगड कुणी सरकवले? खऱ्या बांधाचे? सांग की!” बायको कपाळाला हात लावून दारात उभी. आणि बापूनं टीपॉयवरची पत्रिका उचलली आणि पिशवीत परत घातली.

दिलेली पत्रिका परत घेतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पूजाचं लग्न गेलं, माझ्या हातानं गेलं, तेही एका कोबीपायी.

तेवढ्यात पडदा काळा झाला.

“काय झालं?” बापू पिशवी हातात धरूनच थांबला.

“बंद पडलं.”

“आन् कोबी?”

“सेव्ह केलं नव्हतं काका. गेला सगळा.”

“नानाचाबी?”

“दोघांचाही.”

बापू हळूच खाली बसला. मीही बसलो. काढणीला आलेलं पीक होतं.

“नानाचा लई भारी आला होता गं,” बापू ऋतुजाला म्हणाला. “गड्डे बघ केवढाले धरले होते.”

“तुझी गाय पण चांगली होती,” मी म्हणालो.

“गाभण होती.” (ते गेममध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण बापूला कळतं.)

मग आम्ही दोघं मिळून त्या गेमवाल्यांवर घसरलो. पीक उभं असताना शेत गायब करतात म्हणजे काय? पंचनामा नको? ऋतुजा त्यांची बाजू मांडायला गेली, तिला आम्ही दोघांनी मिळून गप्प केलं. चहा झाला. जाताना बापूनं पत्रिका पिशवीतून काढली आणि या वेळी टीपॉयवर न ठेवता माझ्या हातात दिली. “हळदीच्या दिवशीच ये. उगं पाहुण्यासारखा अक्षतांच्या टायमाला नको.”

गेलो. लग्न थाटात झालं. ऋतुजाचा व्हिडिओ तोवर नवरदेवाकडच्या सगळ्यांनी पाहिला होता. व्याही मला बघून म्हणाले, “कोबीवाले काका तुम्हीच का?” मी व्हय म्हणालो. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पूजा पाया पडली तेव्हा मी रडलो, बापूही रडला. मग आम्ही पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलो.

थोड्या वेळानं बापू माझ्या कानाशी लागला. “नाना, खुर्ची जरा तिकडं घे. माझ्या हद्दीत आलीय.”

एवढ्या शुभ दिवशी कुठं वाद घालायचा? मी निमूटपणे खुर्ची सरकवली. पाय मात्र तिथंच ठेवला.