काकूंची चिनी लेकरं

नेदरलँड्समधल्या आमच्या आख्ख्या हूफडॉर्प गावात सगळ्यात मोठं कुटुंब आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं होतं, आणि त्या एकट्या राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण घरात पाऊल ठेवलं की जिकडेतिकडे पोरं. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून गोळा केलेल्या चिनी बशांवर रंगवलेली, खिडकीत बाहुल्या होऊन बसलेली. गोबरे गाल, तुळतुळीत डोक्यावर केसांचे दोन झुपके, कुणाच्या हातात कमळ, कुणी मासा कवटाळलेला. नवं पोर घरी यायचं ते काकूंच्या सायकलवरच्या लहान मुलांच्या सीटमध्ये, पट्टा बांधून. "ब्रेक मारला की घाबरतं," काकू म्हणायच्या. पुरणपोळी केली की आधी त्यांच्यासमोर, मग आमच्याकडे डबा. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, "काकू, चिनीच का?" हातातलं फडकं न थांबवता त्या म्हणाल्या, "तिकडे शुभ मानतात. नव्या नवरीला देतात, घर लेकरांनी भरावं म्हणून. मला ते फार उशिरा कळलं."

पहिल्या लॉकडाउनमध्ये काकूंना कोरोना झाला. अँब्युलन्समधून जाताना झाडांना पाणी घालायला सांगून त्या किल्ली आमच्या दाराशी ठेवून गेल्या. काही दिवसांनी, भर दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना डोक्यावर पावलं वाजली. अनवाणी, इवलीशी, पुष्कळ. खिडकीकडून दाराकडे धावली आणि थांबली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

मी वर गेलो. दार उघडलं तर आत कुणी नव्हतं. पण नेहमी रस्त्याकडे बघत बसणाऱ्या त्या बाहुल्यांची तोंडं आता दाराकडे होती. बशांवर मात्र बारीक धूळ, हात लागल्याची खूण नाही. कसंबसं झाडांना पाणी घालून मी खाली आलो आणि काकूंना फोन लावला.

"काकू, घर ठीक आहे."

तिकडून आधी खोकला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "दाराशी आलीत ना? सांगा त्यांना, मी येतेय."

मी इंजिनियर माणूस. तरी पुन्हा वर गेलो, रिकाम्या घरात उभा राहून म्हणालो, "काकू येतायत रे." त्यानंतर वर काही वाजलं नाही.

काकू आल्या, पण निम्म्या होऊन. विमानं सुरू झाल्यावर त्यांनी नागपूरला भावाकडे जायचं ठरवलं. बशा, बाहुल्या ज्यांच्या घरी नुकतं लग्न झालं होतं किंवा पाळणा हलायचा होता, त्यांना देऊन टाकल्या. निघताना टॅक्सीत शालीत गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर होतं. आम्ही हात हलवत राहिलो. काकूंनी नुसती मान हलवली; त्यांचे दोन्ही हात गुंतले होते.