श्रावणातच संपत आलेला ग्रंथ

लातूर सोडून मी उमरीला परत आले तेव्हा बाबांनी दारातच विचारलं, "तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय की."

"मग सुट्टी कशाची?"

सुट्टी नव्हती. लातूरच्या एका क्लासमधली जीवशास्त्र शिकवायची नोकरी मी सोडली होती आणि उमरीतल्याच एका लहानशा शाळेत अर्ध्या दिवसाचं काम धरलं होतं. आईला हे फोनवर सांगितलं होतं, पण बाबांच्या कानावर घालायचं काम तिने सोयीस्करपणे माझ्यासाठी ठेवलं होतं. ते मी बॅग हातात धरूनच उरकलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन पेपर उघडून बसले.

लातुरात मला कुणी छळत नव्हतं, हे आधीच सांगते. लोकांना तसं काहीतरी ऐकायचं असतं. उलट माझा तोरा होता. कॉलरला माइक लावून मी भरलेल्या हॉलपुढे बोलायचे, गावोगावचे पालक ट्रंका घेऊन यायचे आणि "म्याडम, पोरीकडं लक्ष असू द्या" म्हणायचे. जास्वंदीचं फूल मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढलं असतं. पण खरं फूल एकदाही वर्गात नेलं नव्हतं, कारण तेवढा वेळच नसायचा. पोर्शन, रिव्हिजन, टेस्ट, की पुन्हा नव्या बॅचचा पोर्शन. तिशी गाठायच्या आतच मला वाटायला लागलं की आयुष्याचाही आपण नुसता पोर्शन संपवत चाललोय. ऐकायला नाटकी वाटेल, पण वाटायचं हे खरं.

उमरीच्या शाळेत मी पहिल्याच आठवड्यात पोरांना फुलं आणायला लावली. एका जास्वंदीवर अख्खा तास गेला, पुढचाही गेला. दुपारी घरी येऊन मी जेवायचे, थोडं वाचायचे, संध्याकाळी आईबरोबर चालायला जायचे. इतकं साधं होतं ते. मी खुशीत होते आणि बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

त्यांचं दुखणं मला कळत होतं. त्यांची आई लोकांच्या शेतात मजुरीला जायची. बाबा शिकले, तहसीलमध्ये कारकून झाले, हदगावपर्यंत बदल्या झेलल्या, मला एम.एस्सी. केलं आणि आता निवृत्त होऊन घरी होते. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या पुढे जायचं, हा आमच्या घरातला नियम. आणि मी चांगली पुढे गेलेली, आपल्या पायांनी मागे आले होते. "आपल्या लोकांला थांबून चालतंय का?" असं ते एकदा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. लेक हरून आली, असं मनात धरूनच हा माणूस म्हातारा होईल, याची मला फार भीती वाटायची.

तेवढ्यात आषाढी पौर्णिमा आली आणि आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावास सुरू झाला. पूर्वी पावसाचे तीन महिने भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहायचे, तोच हा काळ. आमच्याकडे या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती करून सगळ्यांनी खीर खायची. दरवर्षी वाचणाऱ्या गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "तुमची लेक म्याडम हाय ना, तिलाच बसवा," असं कुणीतरी बाबांना सांगितलं आणि मी ग्रंथ ठेवलेल्या पाटासमोर जाऊन बसले.

मी दणक्यात वाचलं. उच्चार स्पष्ट, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. रोज ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पानं व्हायची आणि मला मनातून फार बरं वाटायचं. श्रावण अर्धा झाला नाही तोच ग्रंथाची मोजकी पानं उरली. त्या संध्याकाळी पुढे बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींनी हात वर केला.

"पोरी, तुझी बस सुटून राहिली का?"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "चांगलं ऐकलं की साधू साधू म्हणावं म्हणलं तर ही कुठं थांबतच न्हाई," दुसरी म्हणाली. मागून समितीच्या अध्यक्षांनी काळजीने विचारलं, "आता ग्रंथ संपला तर आश्विनापर्यंत काय करायचं? खीर आत्ताच घालायची का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळू जगायचं म्हणून नोकरी सोडून आलेली मी, पाटापुढे बसून सिलॅबस संपवत होते! पुरुषांच्या बाजूने एक मोठं हसू ऐकू आलं. ते बाबांचं होतं.

घरी जाताना ते आपणहून माझ्याबरोबर चालू लागले. "पहिल्यापासून वाच परत," ते म्हणाले. "माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. मी वाचायला बसलो की ती म्हणायची, थांब रे, एवढं मला एकदा घोळू दे. तिचं घोळून होईस्तोवर मी पान उलटत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी मी पहिलं पान उघडलं. एक परिच्छेद वाचायचा आणि थांबायचं. सुरुवातीला ते थांबणं अंगावर यायचं, हात आपोआप पुढच्या पानाकडे जायचा. मग कुणीतरी काही विचारायचं, कुणी आपलं सांगायचं, कधी नुसतीच शांतता असायची. बाबा रोज येऊन बसायचे. घरी मात्र माझ्या नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

समाप्तीच्या दोनचार दिवस आधी लातूरहून क्लासच्या सरांचा फोन आला. दिवाळीनंतर नवी बॅच होती आणि माझी जागा अजून रिकामी होती. मी नको म्हणाले. आश्विन पौर्णिमेला खीर वाटून झाल्यावर विहाराच्या पायरीवर बाबांना ते सांगितलं.

त्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तू हरून आलीस."

"आणि आता?"

"माझी माय बांधावर उभ्या उभ्याच भाकर खायची. बसली की मुकादम वरडायचा. मी साहेबाची बेल वाजंल म्हणून डबा अर्धाच खायचो, तीस वर्सं. आपल्या घरात कुणी निवांत बसून जेवलेलं मी पाहिलंच न्हाई." ते माझ्याकडे वळले. "तू दुपारी जेवत असतीस तवा मी भायेरच्या खोलीतून बघत असतो. लई बरं वाटतं, बाई."